गुरुवारचा गठ्ठा

१

मेलेल्या माणसाने आपल्या आक्षेपाला उत्तर दिले आहे, हे भिकाजी खैरे यांच्या ध्यानात आले तेव्हा मार्गशीर्षातल्या दुसऱ्या गुरुवारचे सव्वानऊ वाजले होते. साल दोन हजार तीन. पंचवटीतल्या वाचनालयाच्या खिडक्यांना गोदावरीवरून आलेले धुके अजून टेकून होते. दिवे लावावेत की लावू नयेत अशा त्या संदिग्ध उजेडात लांब टेबल, वर्तमानपत्रे आणि वाचणारी माणसे सारखीच पुसट दिसत होती. टेबलाच्या मध्यभागी गठ्ठा होता. इंटरनेटवरून उतरवून छापलेले सहा लेख, वर टिपणांचे एक पान, आणि साऱ्यांच्या कोपऱ्यातून ओवून गाठ मारलेला पांढरा दोरा.

गेली पाच वर्षे दर गुरुवारी असा गठ्ठा येत असे. आणणारा मखमलाबादचा एक फूलशेतकरी, गोटीराम विधाते, साऱ्यांचा नाना. गठ्ठ्यात काय येईल याचा नेम नसे. एखाद्या आठवड्यात मतदानयंत्रांवरचा वाद आणि त्याच्या पाठोपाठ गालिच्यांच्या नक्षीचा इतिहास; दुसऱ्या आठवड्यात फुकट वाटले जाणारे संगणकाचे प्रोग्राम आणि गावाचे सामाईक गायरान यांतले साम्य. प्रत्येक लेखावर मराठीत चार-पाच ओळींचे टिपण, लिंबाच्या फोडीसारखे. कोणी वाचताना समासात पेन्सिलीने मत नोंदवले, तर जुना गठ्ठा आठवड्याने परत जाई आणि पुढच्या टिपणांतून त्या मताला उत्तर मिळे.

भिकाजींनी समासांत पाच वर्षे भांडण केले होते. नाशिकरोडच्या सरकारी छापखान्यात कागद तपासण्यात त्यांची सगळी नोकरी सरली होती. पत्नी गेल्यावर घरात बोलणारे कोणी उरले नव्हते. ते भांडण हाच त्यांचा संसार झाला होता.

तीन आठवड्यांपूर्वी नाना शेतात बसल्या जागी गेले. दोन गुरुवार टेबल रिकामे राहिले. त्या दिवसांत एका सकाळी शेवटच्या गठ्ठ्यावर, आता कोणी वाचणार नाही हे पक्के ठाऊक असताना, भिकाजींनी लिहिले होते : ‘पडद्यावरचे वाचन म्हणजे स्वप्नातले जेवण. पोट भरत नाही.’

आज, नवीन गठ्ठ्याच्या पहिल्याच टिपणाखाली छापलेले होते : ‘स्वप्नातल्या जेवणाने पोट भरत नाही, हे मान्य. पण भूक कशाची आहे, ते तिथेच कळते.’

भिकाजींनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला. ओळ तिथेच होती.

२

वाचनालयाचे अध्यक्ष ॲडव्होकेट मंगळू भोये, गाव धरणात गेल्यावर हरसूलच्या डोंगरातून शिकत शिकत जिल्हा न्यायालयात पोचलेले गृहस्थ. पुराव्यावाचून ते सूर्य उगवल्याचेही मान्य करत नसत, आणि नानांवर त्यांचा जीव होता. त्यांनी गठ्ठा वाचला आणि टेबलावर ठेवला.

“खैरेसाहेब, मेलेल्याच्या नावानं कुणी दस्त केला तर त्याला आम्ही काय म्हणतो?”

“बनावट.”

“मग? नानांच्या निवडक टिपणांचं पुस्तक आपण काढतोय. छापायला जायची वेळ आली, आणि इथं कोणीतरी त्यांचं सोंग घेऊन बसलंय. ही थट्टा मी खपवून घेणार नाही. रविवारी सभा आहे. तोवर हा माणूस सापडला नाही, तर सोमवारी पोलिसात तक्रार, आणि असला कागद या टेबलावर पुन्हा नाही.”

“आणि तो थट्टा करत नसेल तर?”

“तर त्यानं समोर यावं. तुम्ही कागद ओळखता ना? माणूस ओळखून दाखवा.”

गुरुवार, शुक्रवार, शनिवार. हातात तीन दिवस. भिकाजी बाहेर येऊन पायरीवर उभे राहिले. धुक्यात समोरचा रस्ता दहा पावलांवर संपत होता. सोंग घेणारा सापडला नाही तर गठ्ठा जाणार. सापडला तरी त्याला दटावून गप्प केले जाणार, म्हणजे तेव्हाही गठ्ठा जाणारच. दोन्हीकडून त्यांचा गुरुवार बुडत होता. तरीही त्यांना शोध घ्यायचा होता, कारण त्यांच्या मनात एक विलक्षण गोष्ट घर करून बसली होती : ती ओळ सोंगाची वाटत नव्हती. सोंग घेणारा जुन्या सवयींची नक्कल करतो. या ओळीने त्यांना नव्याने हरवले होते.

३

ग्रंथपाल प्रतिभा गायधनी हिने ओठ मुडपून त्यांचे सारे ऐकून घेतले.

“माझ्यावरच संशय आहे ना, काका? किल्ली माझ्याकडे असते.”

“संशय सगळ्यांवर आहे. माझ्यावरसुद्धा. शेवटचा गठ्ठा कुठं होता?”

“तसबिरीखालच्या फळीवर. नाना जुना गठ्ठा तिथून उचलायचे, म्हणून मी तिथंच राहू दिला. हलवायला मन झालं नाही.” तिने भिंतीवरच्या सरस्वतीच्या तसबिरीकडे पाहिले. तिच्यावर ताजी शेवंतीची माळ होती. “काल बघितलं तर फळी रिकामी.”

“आणि आज नवा आला. सकाळपासून कोण कोण आलं?”

“कोणीच नाही.”

“कोणीच नाही म्हणजे?”

“म्हणजे मी दार उघडलं, झाडलं. सरुबाई माळ घालून गेल्या. मग पेपरवाला, तो दारातूनच फेकतो. मग तुम्ही. गठ्ठा मी पाहिला तो तुमच्याच हातात.”

सरुबाई म्हणजे नानांच्या पत्नी. विधात्यांच्या घरची माळ या तसबिरीला रोज येई; ती घालून, कालची माळ निर्माल्याच्या टोपलीत टाकून त्या फुलबाजाराकडे जात.

“सरुबाईंनी काही पाहिलं असेल?”

“त्यांना अक्षर येत नाही हो काका. सभासदांच्या वर्गणीच्या वहीतसुद्धा नानांच्या नावापुढं अंगठा लावून जायच्या.” प्रतिभाने तसबिरीकडे बोट केले. “सुतकात ही तसबीर दोन आठवडे उघडी होती. फार भकास वाटायचं. तेरावं झाल्यावर त्या परत यायला लागल्या, तेव्हा कुठं वाचनालय वाचनालयासारखं दिसायला लागलं.”

भिकाजींनी मान हलवली आणि वेगळाच प्रश्न विचारला. “नाना तुझ्याशी कधी लेखांबद्दल बोलले?”

“कुठे! मी एकदा म्हटलं, नाना, काय सुंदर लिहिता. तर म्हणाले, ‘मी नुस्ता आणून देतो, पोरी.’ किती निगर्वी माणूस!”

भिकाजींनाही आठवले. समासात हमरीतुमरीवर येणारा हा मनुष्य समोर भेटला की हसून म्हणे, “तुमचंच खरं, खैरेसाहेब.” पाच वर्षांत एकदाही तोंडी वाद घातला नाही. याला सर्वांनी विनय म्हटले होते.

टिपणांच्या पानावर नाव नव्हते. भिकाजींनी कपाटातले जुने गठ्ठे काढले. कोणावरच नाव नव्हते. पाच वर्षांत एकदाही नाही.

४

फुलबाजाराजवळच्या जिन्याखाली महेश जाधव याचा सायबर कॅफे. प्लायवुडच्या सहा खोपटींना मळके निळे पडदे, आणि टेलिफोनच्या तारेवरून जगाशी जोडणी होताना यंत्राचा तो दुरून आल्यासारखा कण्हण्याचा आवाज. टिपणांचे पान कोणी टाइप केले, हे विचारताच महेशने आधी पडद्यांकडे आणि मग रस्त्याकडे पाहिले.

“काका, प्लीज, हे बाहेर जाऊ देऊ नका. धंद्यावर परिणाम होतो.”

“कशाचा परिणाम?”

“नानांच्या भुताचा.”

भिकाजी हसले नाहीत. महेश घाबरलेला होता. तो सांगू लागला : नाना सोमवारी एक चिठ्ठी आणत, त्यात कोणते विषय, कोणते शब्द शोधायचे ते असे. महेश लेख छापून देई. बुधवारी हाताने लिहिलेली टिपणे येत. तो ती टाइप करून देई. “नाना गेले. मी म्हटलं, चला, संपलं. तर या सोमवारी सकाळी शटरच्या फटीतून चिठ्ठी! केळीच्या पानात गुंडाळलेली, छपाईचे पैसे आत. आणि अक्षर तेच! मी प्रिंट काढल्या, पिशवीत घातल्या, शटरच्या कडीला लटकवल्या आणि पळालो. पिशवी गेली. काल टिपणं आली. मी टाइप केली. भुताला नाही कोण म्हणणार?”

“पिशवी कोण नेतं ते बघावंसं वाटलं नाही?”

“तुम्ही बघितलं असतं?”

त्याने खणातून दोन चिठ्ठ्या काढल्या. एक दिवाळीच्या सुमाराची, एक या सोमवारची. दोन्ही रोजच्या फाडायच्या दिनदर्शिकेच्या पानांच्या कोऱ्या पाठींवर लिहिलेल्या. भिकाजींनी खिशातले भिंग काढले. ज्या बोटांनी तीस वर्षे कागदाची नस पाहिली होती, ती बोटे त्या चिठ्ठ्यांवरून संथ फिरली. कागद एकदा दमट होऊन पुन्हा वाळलेला. कडेला बारीक लाट. घडीत पिवळी पूड. झेंडूची.

पण खरी गोष्ट अक्षरात होती. नक्कल करणारा अक्षर लिहीत नाही, चितारतो. रेघ कापते, मध्येच थांबते. ही रेघ दोन्ही चिठ्ठ्यांत पाण्यासारखी धावत होती. हात एकच. यात तिळमात्र शंका नव्हती.

“बघा ना,” महेश कुजबुजला. “नानांचंच.”

“नानांना लिहिताना तू कधी पाहिलंस?”

“तसं… ते चिठ्ठी घरून आणायचे.”

भिकाजी बाकावर टेकले. शेजारच्या खोपटीत कोणीतरी कळफलक बडवत होते, आणि तो आवाज त्यांना पावसाचा भासला. हात एकच. मृत्यूनंतरची चिठ्ठी नानांची असू शकत नाही. तेव्हा मृत्यूपूर्वीचीही नानांची नव्हती.

आपण सारे सोंग घेणाऱ्याला शोधत होतो. सोंग कोणी घेतलेच नव्हते. ज्याच्याशी आपण पाच वर्षे भांडलो, तो मेलेलाच नाही.

५

शनिवारी ते मखमलाबादला गेले. झेंडूच्या वाफ्यांवर धुक्याचे कापड अंथरलेले होते आणि त्याखाली पिवळा रंग, झोपेत उघड्या राहिलेल्या डोळ्यासारखा, अर्धवट तेवत होता. पडवीत ओल्या गोणपाटाखाली फुलांची रास होती. एका बाजूला सरुबाई, दुसऱ्या बाजूला त्यांची सून सुवर्णा माळा ओवत होत्या. मुलगा दिनेश टेम्पो घेऊन मुंबईला गेलेला.

“या भाऊ,” सरुबाई म्हणाल्या. “चहा ठेवू का? बसा, पन गोनपाटावर नका बसू, वल्लं हाय.”

भिकाजी खाटेवर बसले आणि काही वेळ नुसते पाहत राहिले. दोघींची सुई सारख्या लयीत चालली होती. पण गाठ मारताना सरुबाईंचा दोरा उजवीकडे वळे, सुनेचा डावीकडे. ती डावखुरी होती. त्यांनी पिशवीतून दोन गठ्ठे काढले, एक दिवाळीचा आणि एक परवाचा, आणि कोपऱ्यातल्या गाठी तिच्यासमोर धरल्या. दोन्ही डावीकडे वळलेल्या.

“टाचणी मिळत नव्हती का?” त्यांनी विचारले.

सुवर्णाची सुई थांबली. “टाचणी गंजते. कागदाला डाग पडतो.”

“हे मला कळायला हवं होतं. तीस वर्षं कागदातच काढली.” ते सरुबाईंकडे वळले. “आणि नानांच्या माघारी चिठ्ठी काय, गठ्ठा काय, फुलांच्या टोपलीतून आले. निर्माल्याबरोबर जुना गठ्ठा परत. सुतकात माळ बंद, तर गठ्ठाही बंद. माळ सुरू, तर गठ्ठा सुरू. वाचता येत नाही त्या हातात कागद असेल, असं आम्हा शिकलेल्यांच्या डोक्यातच आलं नाही.”

“लय शिकल्यावर तसं हुतं,” सरुबाई म्हणाल्या, आणि फुलाचा देठ खुडला.

सुवर्णा हसली नाही. ती सांगू लागली तेव्हा तिचा आवाज वाचल्यासारखा सरळ होता. लग्न होऊन आली तेव्हा बी. ए. झालेली, घरात पुस्तके नव्हती. एकदा महेशच्या कॅफेत जाऊन बसली. दोन तासांत तिला वाटले, भिंतीला दार फुटले. दुसऱ्या दिवशी भाऊबंदांतले तिघे घरी आले : पडद्याआड सून काय करत होती? नानांनी त्यांना चहा पाजून वाटेला लावले आणि तिला म्हणाले, “तू बसून सांग. पाय माझे.”

“नाना वाचायचे?”

“मी ओवता ओवता सांगायचे. पटलं नाही तर ते म्हणायचे, हे खैरेसाहेबांना दाखव, ते धरतील तुला.” तिने नजर वर केली. “तुमच्या आक्षेपांची आम्ही तिघं वाट बघायचो.”

भिकाजींनी गठ्ठे पिशवीत परत ठेवले. मग त्यांनी भोयेसाहेबांचा निर्णय सांगितला.

“पोलीस इथं येणार?” सुवर्णाने हातातली माळ खाली ठेवली.

“समोर आलीस तर नाही.”

“आणि समोर येऊन काय म्हणू? पुस्तकावर नानांचं नाव छापताय, ते माझं आहे? महिनासुद्धा झाला नाही त्यांना जाऊन. लोक म्हणतील, सासऱ्याच्या राखेवर सून नाव काढायला निघाली. कोण विश्वास ठेवील? तुम्ही सांगा, काका, महिनाभरापूर्वी तुम्ही ठेवला असता?”

“नाही,” भिकाजी म्हणाले. खोटे बोलणे त्यांना जमले नाही.

“मग माझं नाव सांगू नका.”

त्यांनी शब्द दिला. परत येताना बसच्या काचेबाहेर द्राक्षमळे धुक्यात बुडत गेले, आणि त्यांना वाटले, सत्य हातात येऊन ते तसेच ठेवून देण्याइतके जड काम छापखान्यातही कधी केले नव्हते.

६

रविवारी सभेला अकरा जण होते. भिकाजींनी उभे राहून पाच वर्षांचे गठ्ठे टेबलावर मांडले.

“अध्यक्षमहाराज, बनावट दस्ताला खोटी सही लागते. यांतल्या एकाही पानावर नाव नाही. नाव आपण लावलं. नाना हयातभर सांगत राहिले, मी नुसता आणून देतो. आपण त्याला विनय समजून टाळ्या वाजवल्या. गुन्हा झालाच असेल तर तो ऐकून न ऐकण्याचा, आणि आरोपी आपण आहोत.” मग त्यांनी चिठ्ठ्यांवरचा एकच हात दाखवला आणि महेशने, घाम पुसत, साक्ष दिली.

भोयेंनी चिठ्ठ्या शेजारी शेजारी ठेवून पाहिल्या. “म्हणजे लिहिणारा जिवंत आहे.”

“हो.”

“नाव?”

“मी शब्द दिलाय.”

“खैरेसाहेब, पुस्तकावर मी खोटं नाव छापणार नाही, आणि निनावी कागद या टेबलावर येऊ देणार नाही. नाव नाही, तर पुस्तक नाही आणि गठ्ठाही नाही. मित्र होता माझा. त्याच्या माघारी त्याच्या नावावर संशय राहू देऊ?”

भिकाजी खाली बसले. ते हरले होते, आणि समोरच्या माणसाचे चुकत होते असेही त्यांना म्हणता येत नव्हते.

तेव्हा दारातून सरुबाई आत आल्या. त्यांनी टोपली खाली ठेवली आणि मागे वळून म्हणाल्या, “ये ना गं. दारात काय उभी ऱ्हाती? सोयरीक बघायला आली का?”

सुवर्णा आत आली. अकरा माणसांच्या बावीस डोळ्यांतून चालत ती टेबलापाशी पोचली. “मी लिहिते,” ती म्हणाली. “नानांचं काही घ्यायला आले नाही. पण तक्रार करायची तर माझ्यावर करा.”

कोणीतरी मागे पुटपुटले. भोयेंनी हात वर केला. त्यांनी तिला आपादमस्तक पाहिले, साक्षीदाराला पाहावे तसे.

“पुरावा?”

“लेख द्या.”

प्रतिभाने मासिकांच्या कप्प्यातून हाताला लागला तो लेख आणून दिला, धरणाखाली गेलेल्या गावांच्या नकाशांवरचा. सुवर्णा बसली. तिने तो दोनदा वाचला. मग तिने समोरची लेखणी घेतली आणि लिहिले. कागद भोयेंकडे सरकवला. अक्षर चिठ्ठ्यांतलेच होते.

भोयेंनी ते मोठ्याने वाचायला सुरुवात केली. “‘नकाशात गाव राहते आणि पाण्याखाली जाते, याला लेखक नकाशाची चूक म्हणतो. मला ती नकाशाची माणुसकी वाटते. बुडालेल्यांचा पत्ता कोणीतरी जपून ठेवायला…’”

ते थांबले. हरसूलकडच्या त्या माणसाने उरलेली ओळ मनात वाचली आणि कागद दोन्ही हातांनी टेबलावर ठेवला. जरा वेळाने ते चिटणिसांना म्हणाले, “तक्रारीचा ठराव खोडा. पुस्तकाचं लांबवा, ते या बाई आता ठरवतील.” मग आवाज खाली आणून सुवर्णाला म्हणाले, “बाई, खाली नाव घाला. इथं यापुढं निनावी चालणार नाही.”

सुवर्णाने कागद ओढून घेतला. लेखणी क्षणभर अधांतरी राहिली. मग तिने सावकाश, पूर्ण लिहिले.

सरुबाई तिच्या खांद्यावरून वाकून पाहत होत्या. “काय लिवलं?”

“नाव.”

“कोनाचं?”

“माझं, आत्याबाई.”

सरुबाई त्या ओळीकडे पाहत राहिल्या, न वाचता, बराच वेळ. सुवर्णा कागदाची घडी घालू लागली, तेव्हा त्यांनी तिचा हात धरला.

“घडी नको घालू लगेच,” त्या म्हणाल्या. “शाई वाळू दे.”